संगणकाला ताप आला तर...

मित्रांनो, आधी एक गणित सोडवू या. घाबरू नका, साधा भागाकारच आहे.

तुमच्या घरातली विजेची इस्त्री साधारण १००० वॅटची असते. तिचा खालचा गुळगुळीत पत्रा मोजलात तर तो २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. आता संगणकाचा प्रोसेसर घ्या. वरून दिसतो तो धातूचा चौकोन बिस्किटाएवढा असतो, पण त्याच्या पोटात जी खरीखुरी सिलिकॉनची चकती असते ती अंगठ्याच्या नखाहून फार मोठी नसते. आपण ती १.६ चौरस सेंटिमीटर धरू आणि हा प्रोसेसर ६५ वॅट वीज खातो असं धरू. घरगुती संगणकात असे प्रोसेसर पुष्कळ आढळतात. करा भागाकार! उत्तर चाळीसच्या थोडं वर येतं ना? म्हणजे इस्त्रीच्या आठपट!

तुम्ही म्हणाल, मग त्या चकतीचा कोळसा कसा होत नाही? होत नाही, कारण तिथली उष्णता क्षणभरही साठू न देता बाहेर ओढून नेली जाते. ही ओढून नेण्याची व्यवस्था बिघडली की संगणकाला ताप येतो. आणि आपल्या कल्याणसारख्या गावात, जिथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या घरात जातो आणि खाडीवरची दमट हवा अंगाला चिकटते, तिथे हा ताप हमखास येतो. म्हणून या सुट्टीत आपण संगणकाचे डॉक्टर व्हायचं. पालकांनीही हा लेख वाचावा, कारण काही कामं त्यांनाच करायची आहेत.

उष्णता येते कुठून? प्रोसेसरमध्ये ट्रान्झिस्टर नावाची अतिसूक्ष्म बटणं असतात, एकेका चकतीवर शेकडो कोटी. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. दर ठोक्याला यातली असंख्य बटणं चालू-बंद होतात आणि दर वेळी थोडी वीज खर्च होते. दिवा वीज खाऊन उजेड देतो, पंखा वारा देतो. प्रोसेसर काय देतो? उत्तरं! पण उत्तराला ना वजन, ना उजेड. त्यामुळे खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते.

आता ती बाहेर कशी जाते ते पाहू. चाळीत टँकर आला की काय करतात? टँकरपासून पिंपापर्यंत माणसं रांगेत उभी राहतात आणि हंडा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. संगणकातही अशीच रांग असते. चकतीकडून उष्णता वरच्या धातूच्या झाकणाकडे जाते, झाकणाकडून राखाडी रंगाच्या लेपाकडे (याला थर्मल पेस्ट म्हणतात), लेपाकडून अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पातळ पात्यांच्या ठोकळ्याकडे, म्हणजे हीट सिंककडे. तिथून पंख्याच्या वाऱ्याकडे, वाऱ्याबरोबर पेटीबाहेर आणि शेवटी तुमच्या खोलीत. रांगेतला एक गडी जरी पेंगला तरी मागे हंड्यांचा ढीग साचतो. संगणकाच्या डॉक्टरचं काम एवढंच, पेंगणारा गडी शोधायचा.

खोलीभर ताप

संगणकाचं हे दुखणं नवं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने भारतातला एक पहिलावहिला संगणक बांधला. तो १९६० साली सुरू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं ‘टिफ्रॅक’. त्यात ट्रान्झिस्टर नव्हते, काचेच्या निर्वात नळ्या होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, सुमारे २७००! अशी प्रत्येक नळी आतली तार तापवूनच काम करते. म्हणजे ताप हा तिचा आजार नव्हेच, तो तिचा स्वभाव. अमेरिकेतला १९४५ साली तयार झालेला एनिअ‍ॅक तर जवळजवळ १८ हजार नळ्यांचा होता आणि दीडशे किलोवॅट वीज खायचा. आपल्या १००० वॅटच्या इस्त्र्या दीडशे लावल्या तर जेवढं होईल तेवढं!

नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, पण ताप काही गेला नाही. १९७६ सालचा क्रे-१ हा महासंगणक फ्रिऑनने, म्हणजे त्या काळच्या फ्रिजमधल्या वायूने थंड ठेवावा लागे. पुढच्या क्रे-२ मध्ये तर सगळी विजेची मंडळं एका खास द्रवात बुडवलेली होती. तो द्रव वीज वाहून नेत नाही, म्हणून हे जमलं. (घरी पाण्यात बुडवून पाहू नका रे!)

असे महासंगणक अमेरिकेकडून विकत घेताना भारतापुढे अटींचा डोंगर उभा राहायचा. शेवटी आपणच बांधू असं ठरलं आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. यातली गंमत अशी, की त्यांनी एक अचाट वेगाचा प्रोसेसर बनवायच्या नादी न लागता साधे साधे पुष्कळ प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि काम वाटून दिलं. त्यांचं कारण उष्णता हे नव्हतं. पण पुढे काय झालं ते पाहा. इंटेल कंपनी आपल्या पेंटियम ४ चा वेग वाढवत नेत होती. २००४ साली त्यातले काही प्रोसेसर ११५ वॅटपर्यंत पोचले. वेग वाढवावा तर ताप आवरेना! त्याच वर्षी कंपनीने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडून दिला आणि एकाच चकतीवर दोन, मग चार गाभे बसवून काम वाटून द्यायचा रस्ता धरला. आज तुमच्या घरच्या संगणकावर ‘क्वाड कोअर’ असं लिहिलेलं असेल तर त्यामागे ही उष्णतेची गोष्ट आहे.

आणि पुण्याच्याच आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रोसेसरची उष्णता नळ्यांतून खेळवलेल्या द्रवाने वाहून नेतात. टँकरच्या रांगेऐवजी थेट नळजोडणीच म्हणा ना!

लक्षणं आणि तापमापक

चला, आपल्या घरी येऊ. संगणकाला ताप आहे हे कसं ओळखायचं?

सकाळी छान चालतो, दुपारी रडतो. हे पहिलं लक्षण. पंखा घोंघावतो, तरी काम पुढे सरकत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे काहीही न सांगता फट्कन बंद पडतो. लगेच चालू केला तर आणखी लवकर बंद पडतो. अर्धा तास विश्रांती दिली की पुन्हा शहाण्यासारखा चालू!

हे प्रोसेसर मुद्दाम करतो, बरं का. बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, काहींची ९५. तिथे पोचला की तो आपला वेग कमी करतो, म्हणजे वीज कमी खातो आणि उष्णता कमी होते. एवढ्यानेही भागलं नाही तर जळण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, असा विचार करतो. पूर्वी सगळ्यांना हे शहाणपण नव्हतं. २००१ साली एका संगणकविषयक संस्थळाने चालू संगणकांवरचे हीट सिंक मुद्दाम काढून चित्रफीत घेतली. पेंटियम ४ मंदावला, पण तग धरून राहिला. तेव्हाचा एएमडीचा अ‍ॅथलॉन धूर काढून मेला. एएमडीच्या प्रोसेसरांनाही ही अक्कल आता आलेली आहे, तेव्हा काळजी नको.

पण नुसत्या लक्षणांवर विसंबू नका. पोट दुखलं की दर वेळी कैरीच कारण असते असं थोडंच आहे? संगणक बंद पडायला वीजपुरवठ्याची पेटी, ढिली बसलेली रॅम, घरातलं सैल सॉकेट, काहीही कारण असू शकतं. मंद चालायला जुनी हार्ड डिस्क पुरते. म्हणून तापमापक लावायचा. तो प्रोसेसरच्या पोटातच असतो! संगणक चालू करताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ हे बटण दाबत राहिलं की बायॉसचा पडदा उघडतो. तिथे ‘हार्डवेअर मॉनिटर’ किंवा तशाच नावाखाली प्रोसेसरचं तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. तिथे फक्त वाचायचं, काही बदलायचं नाही. विंडोज चालू असताना पाहायचं असेल तर कोअर टेम्पसारखे छोटे फुकट प्रोग्राम मिळतात, ते मोठ्यांकडून घालून घ्या.

आता वही घ्या आणि चार रकाने आखा: वेळ, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, आणि या दोहोंतला फरक. हा चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. का ते सांगतो. एकच काम करताना खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक साधारण तेवढाच राहतो. समजा तो ६० अंश आहे. जानेवारीत खोली २२ अंश, प्रोसेसर ८२. निभलं! मे महिन्यात खोली ३७ अंश, प्रोसेसर ९७. बोंब! लोक म्हणतात, उन्हाळ्याने संगणक बिघडला. माझं म्हणणं, बिघाड जानेवारीतच होता, उन्हाळ्याने तो फक्त उघडा पाडला. एसी लावला तर पहिला आकडा कमी होतो, फरक जिथल्या तिथे. म्हणून एसी हे या दुखण्यावरचं औषध नव्हे, कपाळावरची ओली पट्टी आहे.

या वहीने काय होतं ते ऐका. माझ्या वर्गातून पुढे गेलेला, आता सातवीत असलेला एक मुलगा कल्याण पूर्वेहून पश्चिमेला राहायला आला. त्याची आई घरी बसून मराठी टायपिंगचं आणि पुस्तकं जुळवण्याचं काम करते. पानामागे पैसे मिळतात, आणि दोन्ही मुलांची फी त्यातून जाते. एप्रिलमध्ये संगणक बंद पडू लागला. तोही कधी? पानं जुळवून छापखान्याची फाइल तयार करायला घेतली की! तेव्हाच प्रोसेसरला सर्वांत जास्त काम पडतं ना. साठवलेलं नसेल ते सगळं गेलं. दोनदा तारीख चुकली, तिसऱ्यांदा चुकली तर काम दुसरीकडे जाईल असा निरोप आला. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला, साडेआठ हजार. घरात तेवढे पैसे नव्हते.

मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला उपाय नाही सांगितला, चार रकाने सांगितले. दोन दिवसांनी त्याने वही आणली. सकाळी सात वाजता खोली २७, फाइल बनवताना प्रोसेसर ८८, फरक ६१. दुपारी तीन वाजता खोली ३७, प्रोसेसर ९८, फरक पुन्हा ६१, आणि पुढच्याच मिनिटाला पडदा काळा! मग त्याने पेटीची बाजूची पाटी काढून टेबलफॅन लावला. खोली ३७, प्रोसेसर ९५. फक्त तीन अंशांनी उतरला.

आता तुम्हीच डॉक्टर व्हा. बाहेरून एवढा वारा घालूनही फरक पडत नाही, म्हणजे वाऱ्याकडे उष्णता पोचतच नाही. पेंगणारा गडी त्याच्या आधीचा, प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्या मधला. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर काय! हीट सिंक चार प्लॅस्टिकच्या खिळ्यांवर बसतो, त्यातला एक घर बदलताना टेम्पोच्या धक्क्यांनी सुटून वर आला होता. ठोकळा एका बाजूने उचलला गेला होता. दीडशे रुपयांची पेस्ट आणली, मुलाच्या मामाने ठोकळा काढून पुन्हा बसवला. दुपारी तीन वाजता खोली ३६, प्रोसेसर ७२. फरक ३६. फाइल त्याच संध्याकाळी छापखान्यात गेली.

धूळ, गोधडी आणि पाल

दर वेळी खिळाच सुटतो असं नाही. पाटी काढून पंखा लावल्यावर तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरलं, तर दोष वाऱ्याचा. मग पाहायचं पेटी ठेवलीय कुठे. आपल्याकडे संगणकाच्या टेबलाला पेटीसाठी एक खण असतो, मागून पुढून बंद. पेटी तिथे कोंबली की ती स्वतःचाच गरम श्वास पुन्हा आत ओढते. तिला बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. काही घरांत चालू संगणकावरसुद्धा भरतकामाचा रुमाल असतो. आजीला नीट समजावून तो टीव्हीवर हलवावा.

मग धूळ. कल्याणात धुळीला तोटा नाही आणि हवा दमट. एकाच खोलीच्या घरात संगणकाला स्वयंपाकाच्या फोडणीचा तेलकट धूर आणि उदबत्तीचाही धूर मिळतो. या सगळ्यांची मिळून हीट सिंकच्या पात्यांमध्ये चक्क गोधडी विणली जाते. पंखा वरून फिरताना दिसतो, पण वारा खाली पोचत नाही. मोबाइलच्या बॅटरीने पंख्याच्या फटीतून आत पाहा. पाती दिसली तर ठीक. राखाडी नमदा दिसला तर सफाईची वेळ झाली.

सफाई मोठ्यांच्या समोरच करायची. संगणक बंद करून प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. दहा मिनिटं थांबायचं. पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. पेटी गॅलरीत न्यायची (नाहीतर घरभर शिंका!). रंगाचा कोरा, मऊ, एक इंची ब्रश घ्यायचा आणि पाती हलक्या हाताने झाडायची. ब्लोअर असेल तर तो मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. जोराच्या वाऱ्याने पंखा भन्नाट फिरवला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. ओला फडका नको. आणि ज्या पेटीत विजेची जाड वायर जाते ती पॉवर सप्लायची पेटी मात्र अजिबात उघडायची नाही, तुम्ही नाही आणि बाबांनीही नाही. प्लग काढल्यावरसुद्धा तिच्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज टिकून राहू शकते. तिची धूळ बाहेरूनच ब्रशने काढायची.

उघडल्यावर आत पाल दिसली तर दचकू नका. उबदार, अंधारी जागा आणि किड्यांची सोय, तिला अजून काय हवं? मागची न वापरलेली खाच पत्र्याने बंद केलीत की तिचा दरवाजा बंद होईल. याच कारणासाठी पेटीची पाटी कायमची उघडी ठेवायचा सोपा उपाय मला पटत नाही.

राहिली पेस्ट. हे काम मोठ्यांचं, तुम्ही बॅटरी धरा. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकातून डोंगरदऱ्याच असतात. ते एकमेकांवर ठेवले की दऱ्यांत हवा राहते, आणि हवा उष्णता नेण्यात अगदीच आळशी. पेस्ट त्या दऱ्या भरते. पण स्वतः पेस्टही धातूच्या मानाने मंदच असते, म्हणून चंदनाच्या लेपासारखी जाड थापायची नाही. तुरीच्या दाण्याएवढा ठिपका मधोमध पुरे, ठोकळा दाबला की तो आपोआप पसरतो. काही वर्षांनी ही पेस्ट वाळून खपलीसारखी होते. जुनी खपली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायची. टूथपेस्ट लावून काम भागतं असं कुणी सांगेल. पहिले काही दिवस भागतंही, मग तिच्यातलं पाणी उडून जातं आणि मागे खडूसारखा थर उरतो.

ठोकळा काढण्याआधी संगणक पाच मिनिटं चालवून घ्यायचा, म्हणजे पेस्ट सैल होते. मग पुन्हा बंद करून प्लग काढायचा. ठोकळा सरळ वर उपटायचा नाही, थोडा डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. एएमडीच्या काही प्रोसेसरांना खाली बारीक टाचण्या असतात. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उखडून आला तर त्या वाकतात आणि खरंच हजारांचं नुकसान होतं. परत बसवताना खिळे समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबायचे, प्रत्येकाचा ‘टक्’ आवाज ऐकायचा आणि मागून वाकून चारही खिळे आरपार गेलेत का ते पाहायचं.

एवढं करूनही फरकाचा आकडा उतरला नाही तर संगणकावर कोणता प्रोग्राम चालू आहे तेही तपासा. काही न करता टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर सतत ९०-१०० टक्के गुंतलेला दिसत असेल, तर एखादा चोरटा प्रोग्राम आत बसला असेल. फुकटात उतरवलेल्या गेमबरोबर असे पाहुणे येतात. मग तिथे ब्रश कामाचा नाही, अँटिव्हायरस हवा.

पाटी लावायची घाई मात्र नको. आधी प्रोसेसरच्या पंख्याची छोटी वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी परत जोडली का ते पाहा आणि कुठलीही मोकळी वायर पात्यांना लागत नाही ना, तेही बघा. मग संगणक चालू करून थेट बायॉसमध्ये जा. पंखा फिरतोय ना? तापमानाचा आकडा सरसर वर चढू लागला तर लगेच बंद करा, ठोकळा नीट बसलेला नाही. पाच मिनिटं होऊनही तो पन्नाशीच्या आसपास रेंगाळत असेल तर पाटी लावा, स्क्रू आवळा आणि वहीत आजची तारीख घालून पहिली नोंद करा.